खतावणीत न लिहिलेली नावं



गेल्या महिन्यात आमच्या घरी जेवणाच्या पानावर एक वाद झाला. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे त्या वेळी सगळे एकत्र असतात आणि जे काही निघायचं ते तेव्हाच निघतं. माझ्या धाकट्या जावेची मुलगी यंदा बी.ए. झाली. तिने सांगितलं, मला मुंबईला जाऊन स्त्री-अभ्यास या विषयात एम.ए. करायचं आहे. दीर म्हणाले, बी.एड. कर, बँकेच्या परीक्षा दे, यात काय मिळणार? जाऊ म्हणाली, "अगं, बायकांचा अभ्यास शिकायला मुंबईला कशाला जायचं? घरात आम्ही चार बायका आहोत, आमचाच कर." सगळे हसले. पोरगी मात्र उठून आत गेली.

रात्री ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, तू बी.कॉम. आहेस. तू तरी हिशोबाने बोल."

तिचं हे बोलणं मला लागलं, कारण मी हसणाऱ्यांत होते. मग मी वाचायला घेतलं. आम्हा कॉमर्सवाल्यांना कुठलीही पेढी समजून घ्यायची म्हणजे आधी भांडवल कुणी घातलं ते पाहायचं, मग कामाला कोण होतं ते पाहायचं. बायकांच्या विद्यापीठाची आणि त्यातल्या स्त्री-अभ्यास केंद्राची पेढी मी तशीच उघडून बघितली. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

सुरुवात आपल्या कोकणातूनच होते. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. परीक्षेसाठी हा मुलगा कुंभार्ली घाटाने साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि वय लहान दिसतं म्हणून त्याला परत पाठवलं, ही गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. पुढे १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवा मुलीशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलायचं होतं, तेव्हा जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांनी पुन्हा काढून वाचली आणि आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं असं तिथे मांडलं. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ते सुरू झालं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपण नुसतं एस.एन.डी.टी. म्हणतो ते. या अक्षरांमागे एका मुलाची आई आहे हे आपल्यापैकी किती जणींना माहीत होतं? मला नव्हतं.

कर्वे आणि ठाकरसी ही नावं जमेच्या बाजूला ठळक आहेत आणि ती असायलाच हवीत. पण खतावणी उलटत गेलं की दुसरी नावं दिसायला लागतात. त्या गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, देवरुखच्या. नवरा पगारातली पै न् पै संस्थेत घालतो आहे तेव्हा घर चालवणारी ही बाई. त्यांनी स्वतःची हकिकत 'माझे पुराण' या पुस्तकात सांगितली आहे. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही लहान वयात विधवा झालेल्या, पदरात एक मुलगा. बहिणीच्या आधाराने पुण्यात शिकल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या. गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायचं काम त्यांचं. १९१८ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर ही बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेली. हातात पैसा नव्हता. मग काय केलं? तिथे लोकांच्या घरी घरकामाला राहिली. भांडी, झाडलोट, स्वयंपाक. आपण ज्याला काम म्हणत नाही, तेच काम करून देवरुखची एक विधवा अमेरिकेत राहिली, शिकली आणि परत येऊन पुन्हा संस्थेच्या कामाला लागली. त्यांचं पुस्तक आहे, 'माझी कहाणी'. वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा.

तिसरं नाव लेडी प्रेमलीला ठाकरसी. पुढे विठ्ठलदास गेले. त्यांच्यामागे या बाईंनी विद्यापीठाचं काम हातात धरलं. सरकारची कायदेशीर मान्यता मिळायला १९५१ उजाडलं, म्हणजे ३५ वर्षं ही संस्था त्या मान्यतेशिवाय चालत होती. मान्यतेनंतर प्रेमलीलाबाई पहिल्या कुलगुरू झाल्या.

इथे आपल्या समाजातलं एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कर्वे पुण्यात झटत होते त्याच काळात मुंबईत मगनबाई झटत होत्या. दानवीर शेठ माणेकचंद हिराचंद झवेरी यांची ही लेक. ऐन तारुण्यात वैधव्य आलं. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शास्त्र शिकवलं, व्यवहार शिकवला. तिने मुंबईत श्राविकाश्रम चालवला. सोलापूरच्या कंकूबाई आणि ललिताबाई तिच्या बरोबरीने होत्या. विधवा आणि निराधार श्राविका तिथे शिकून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. माझ्या माहेरी, कोल्हापूरकडे, आजीच्या तोंडी 'आश्रमातल्या बाई' असा शब्द होता. गावच्या पाठशाळेत शिकवायला येणाऱ्या एका बाईंसाठी. आजी त्यांना वाकून नमस्कार करायची. ते मगनबाईंचं आणि त्यांच्यासारख्यांचं पीक होतं, हे मला आता साठीनंतर कळतं आहे.

इथपर्यंत गोष्ट बायकांना शिकवण्याची झाली. बायकांच्या आयुष्याचा अभ्यास करायचा, हे पुढचं पाऊल. ते १९७४ मध्ये पडलं आणि तेही एस.एन.डी.टी.तच. तिथे समाजशास्त्र शिकवणाऱ्या नीरा देसाई यांनी स्त्रियांविषयीच्या संशोधनाचं केंद्र सुरू केलं. भारतातल्या विद्यापीठांमधलं हे पहिलं.

नीराबेन १९२५ च्या. गुजराती घरातल्या. लहानपणी स्वातंत्र्य चळवळीतल्या वानरसेनेत होत्या. १९४२ मध्ये कॉलेज सोडून चळवळीत उतरल्या, नंतर शिक्षण पुरं केलं. एम.ए.च्या प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला भारतातल्या स्त्रियांची स्थिती. तो प्रबंध १९५७ मध्ये पुस्तक होऊन आला. पुढे जवळजवळ वीस वर्षं त्या शिकवत राहिल्या, आणि मग हे केंद्र. मला यातली चिकाटी मोठी वाटते. वर्गात समोर बसलेल्या सगळ्या मुली, शिकवणाऱ्या बहुतेक बायका, पण अभ्यासाच्या पुस्तकांत बाई कुठे नाही, ही गोष्ट त्यांना खटकली.

त्याच वेळी दिल्लीत एक सरकारी समिती देशातल्या स्त्रियांच्या परिस्थितीची पाहणी करत होती. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९७४ च्या शेवटी त्यांचा अहवाल तयार झाला. त्याचं नाव मराठीत 'समतेच्या दिशेने' असं होईल. स्वातंत्र्याला २७ वर्षं झालेली, मुली डॉक्टर होत होत्या, बाई पंतप्रधान होती. सगळ्यांना वाटत होतं, बायकांचं छान चाललं आहे. समितीने आकडे काढले तर काय निघालं? १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये त्या ९३० झाल्या. कामकरी माणसांत १९११ साली बायका साधारण एक तृतीयांश होत्या, १९७१ मध्ये सहावा हिस्सा उरल्या. मजुमदार बाईंसारख्या शिकलेल्या बायकांना स्वतःचीच लाज वाटली, की आपण इतकी वर्षं शिकवत होतो आणि हे आपल्याला माहीतच नव्हतं.

मी ताळेबंदाचं माणूस. दुकान भरलेलं दिसतं, गिऱ्हाईक येतं-जातं, आणि वर्षाअखेरीला ताळेबंद मांडल्यावर कळतं की तोटा आहे. तसंच हे झालं. बायकांचा ताळेबंद तोवर कुणी मांडलाच नव्हता.

एप्रिल १९८१ मध्ये एस.एन.डी.टी.मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. डॉ. माधुरी शाह यांनी तिला मोठा हातभार लावला. देशभरातून बायका आल्या, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी या विषयाची अखिल भारतीय संघटना झाली. त्या एप्रिलात मी कोल्हापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होते. परिषदेचं वारंही मला लागलं नाही. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मी लग्न होऊन मालवणला आले. जिल्हाही नवा आणि मीही नवी.

सासरी बाजारात किराणा-भुसाराचं दुकान. मामंजींनी पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे रोजकीर्द आणि खतावणी ठेवली. म्हणाले, "सूनबाई शिकलेली आहे, आता मुनीम कशाला?" मला अभिमान वाटला. रात्री भांडी आवरली की मी हिशोबाला बसायची. विक्रीकराची विवरणपत्रं मी भरली, पुढे संगणकावर जीएसटी शिकले. एप्रिल-मेमध्ये आम्ही दोघी जावा आमसुलं करायचो. कोकमं फोडायची, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, परत रसात, परत उन्हात, चार-पाच वेळा. ती दुकानात विकली जायची. आणि एके वर्षी कुठलासा फॉर्म घेऊन आलेल्या गृहस्थांनी विचारलं, बाई काय करतात? आमच्या ह्यांनी सहज सांगितलं, "ती काही करत नाही, घरीच असते." ह्यांचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. मीसुद्धा चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते ऐकलं आणि काही बोलले नाही. त्या रात्रीही मी खतावणी लिहायला बसलेच.

आता कळतं की याच एका वाक्यावर त्या बायका वर्षानुवर्षं काम करत होत्या. नीराबेनांच्या बरोबरीने आणि त्यांच्यानंतर एस.एन.डी.टी.चं केंद्र ज्यांनी सांभाळलं, त्या मैत्रेयी कृष्णराज अर्थशास्त्राच्या. त्या दोघींनी मिळून १९८७ मध्ये भारतीय समाजातल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलं. मैत्रेयीबाईंनी पुढे शेतकरी स्त्रियांवरच्या पुस्तकावर काम केलं. शेतात राबते ती, सातबारावर नाव त्याचं, ही त्यातली गोष्ट. देवकी जैन या दुसऱ्या अर्थतज्ज्ञ. (तुम्ही विचाराल म्हणून सांगते, त्या म्हैसूरकडच्या अय्यंगार घरातल्या, लग्नाने जैन झाल्या.) त्यांनी १९७० च्या दशकात राजस्थान आणि बंगालमधल्या सहा खेड्यांत बायकांचा दिवस तासातासाने मोजला. सरकारी कागदावर 'काम नाही' असलेल्या बायका प्रत्यक्षात किती राबतात ते त्यातून दिसलं.

या सगळ्याचा उपयोग झाला का? झाला. १९९१ च्या जनगणनेत पहिल्यांदाच कामाच्या प्रश्नात खुलासा घातला गेला, की शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही कामच धरावं. माझी खतावणी आणि माझी आमसुलं त्यात बसतात! २०१९ मध्ये सरकारने सगळ्या देशाची वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष घरकाम करत होते ते ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. आणि मुळात पुरुषांत घरकाम करणारे चौघांत एकच.

लीला दुबे नावाच्या मराठी बाईंविषयीही वाचलं. मानववंशशास्त्राच्या मोठ्या अभ्यासक, गायिका सुमती मुटाटकर यांच्या धाकट्या भगिनी. मुलगी 'मुलगी' कशी होत जाते हे त्यांनी घरातल्या साध्या गोष्टींतून दाखवलं. त्यातली एक म्हणजे जेवण. कोण आधी जेवतं, कोण वाढतं, उरलेलं कुणाच्या पानात जातं. हे वाचताना मला आमचं जेवण आठवलं. दिवस मावळायच्या आत सगळ्यांचं झालं पाहिजे म्हणून सर्वांत घाईने, उभ्या-उभ्या कोण जेवतं? आणि उशीर झाला तर उपाशी कोण राहतं? नियम सगळ्यांना सारखा आहे. त्याची किंमत मात्र घरात एकच माणूस देतं.

आता एक अवघड गोष्ट. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये असंच केंद्र सुरू झालं, त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. तिथे विद्युत भागवत होत्या, आणि त्यांच्यानंतर शर्मिला रेगे. शर्मिलाबाई २०१३ मध्ये अवघ्या ४८ व्या वर्षी गेल्या. त्यांचं म्हणणं असं की 'बाई' म्हणून सगळ्या बायका एकाच रकान्यात घालू नका. दलित बाईचं, मोलमजुरीच्या बाईचं दुःख आपल्यासारख्या घरातल्या बाईच्या दुःखात विरघळवून टाकू नका, तिचं तिला बोलू द्या. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर त्यांचं पुस्तक आहे.

हे वाचून मी गप्प बसले, कारण त्याच दुपारी आमच्या पायरीवर एक बाई बसली होती. मासे विकते, आमच्याकडे अर्थातच देत नाही. पण गेली वीस वर्षं ती उन्हातून परत जाताना आमच्या पडवीत टेकते, पाणी पिते, सुखदुःख बोलते. मी तिला या अभ्यासाविषयी सांगितलं तर म्हणाली, "काकी, माका कोण इचारता? नाव घोवाचा, होडी घोवाची, नि पाटी माझ्या डोक्यार." आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे बायका हजारांच्या वर आहेत. आपल्या बायकांचे फार लाड होतात म्हणून नव्हे. पुरुष मुंबईला चाकरीला, आणि भात, काजू, गुरं, म्हातारी माणसं, देवाचं, सगळं बाईच्या अंगावर. मला माझ्या खतावणीचं वाईट वाटलं, पण माझ्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या कामाचे तास मी कुठे मोजले होते? तिला महिन्यातून किती सुट्ट्या देते हे मला तोंडपाठ होतं, पण ती किती वाजता उठते हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं. पहाटे चारला.

मैत्रिणींनो, भगवान महावीरांच्या संघाची संख्या आपण पाठशाळेत पाठ केली आहे. १४ हजार मुनी, ३६ हजार आर्यिका, १ लाख श्रावक, ३ लाख श्राविका. इतकी वर्षं मी ती घोकली, पण त्याकडे हिशोबाच्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. आपल्या शास्त्रकारांनी बाईला पुरुषाच्या संख्येत मिळवून टाकलं नाही. तिचा रकाना वेगळा ठेवला आणि तो पूर्ण भरला. चतुर्विध संघातले दोन भाग बायकांचे आहेत. मग आपल्याच घरी फॉर्म भरताना 'काही करत नाही' असं का सांगावं?

पुढच्या रविवारी मी हे सगळं जेवणाच्या आधी सांगितलं, पानावर नाही. दीर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, नोकरीचं काय?" मी खरं तेच सांगितलं. पार्वतीबाईंनाही कुणी हमी दिली नव्हती. या विषयाच्या मुली संस्थांत काम करतात, शिकवतात, सरकारी योजनांच्या पाहण्या करतात, पण बँकेसारखी बांधलेली वाट नाही. ते गप्प राहिले. मग आमचे हे म्हणाले, "पहिल्या वर्षाची फी दुकानातून द्या. खात्यात हिच्या नावावर लिहा. चाळीस वर्षांचा मुनिमाचा पगार बाकी आहे."

मैत्रिणींनो, मी ते लिहिलं. माझ्या नावाची नोंद आमच्या खतावणीत पहिल्यांदाच झाली. जाऊ अजून पूर्ण राजी नाही, मुलगी एकटी मुंबईत राहणार याची तिला काळजी आहे, आणि ती काळजीही खोटी नाही. ओळखीच्या एका घरी सोय बघतो आहोत.

तुमच्याकडेही आजीच्या काळातल्या 'आश्रमातल्या बाईं'ची आठवण असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. नाव, गाव, काय शिकवलं एवढं जरी लिहिलंत तरी पुरे. आणि यापुढे कुणी फॉर्म घेऊन आलं, तर चहा करायच्या आधी बाहेर येऊन आपलं काम आपणच सांगा.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.